वृक्षारोपणाला नको, बांधावर बोलवा
गोव्यातील पंचायतींना आणि कूळ संघटनांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील ग्रामपंचायतींचे सरपंच व पंच,
तसेच खाजनांच्या कूळ संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

५ जून जवळ आला की गावातल्या मुलामुलींना पंचायतीचा निरोप येतो. पर्यावरण दिन आहे, सकाळी दहाला या, रोपे आली आहेत. आम्ही येतो. जुलैत वनमहोत्सव असतो, तेव्हाही येतो. शाळेत असताना निबंध लिहिले, घोषवाक्ये रंगवली, प्रभातफेऱ्या काढल्या. या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. पण विशी-पंचविशी गाठली तरी पंचायतीला आमची आठवण फक्त रोप लावायलाच होत असेल, तर काहीतरी मोठे राहून जात आहे. ते सांगायला हे पत्र लिहीत आहे.

मागणे एकच आहे. हवामान बदलाला गावाने तोंड द्यायचे असेल तर बांध, मानशी (बांधातली पाण्याची दारे), तळी आणि डोंगर यांच्या रोजच्या कारभारात आम्हाला घ्या. जबाबदारी टाका, आणि जबाबदारीबरोबर मतही द्या.

मी फोंडा तालुक्यातली. जुवारीकाठच्या आमच्या गावात घरची कुळाची खाजन जमीन आहे, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. आजोबांनी ती कसली, बाबांनी नोकरी सांभाळून निम्मी कसली, आणि माझ्या पिढीत ती पडीक पडायच्या वाटेवर आहे. त्यामुळे हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही.

गेल्या काही वर्षांत काय झाले ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. त्याच वर्षी २३ जुलैला सत्तरी-डिचोलीत पाणी घराघरांत शिरले. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले. २०२५ मध्ये पाऊस २५ मेच्या सुमारासच दाखल झाला, एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मे महिन्यात करायची बांधांची कामे अर्धवट असतानाच चिखल झाला. आणि दिवाळीच्या तोंडावर, भात कापणीला आलेले असताना कोसळणारा पाऊस तर आता सवयीचा होऊ लागला आहे. आडव्या पडलेल्या भाताच्या कणसाला शेतातच कोंब फुटतात. ते कणीस हातात धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नुकसानभरपाईचा फॉर्म भरून देणे, एवढेच काम सध्या आमच्यासारख्या शिकलेल्यांच्या वाट्याला येते.

समुद्र तर गप्प वर चढतोच आहे. २००६ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटर वाढत होती, असे आंतरसरकारी हवामान बदल समितीचा (आयपीसीसी) २०२१ चा अहवाल सांगतो. वर्षाला पावणेचार मिलिमीटरही नाही, ऐकायला काहीच वाटत नाही. पण आपल्या खाजनांचा सगळा हिशेबच वितीत आणि बोटांत आहे. भरतीचे पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली थांबते, यावर शेत टिकते.

गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे असे मानले जाते. म्हणजे राज्याच्या जवळपास पाच टक्के भूभाग भरतीच्या पातळीच्या खाली किंवा तिच्या बरोबरीने आहे, आणि तो मातीच्या बांधांनी आणि लाकडी दारांनी राखला आहे. किनाऱ्यावरच्या जगातल्या मोठमोठ्या शहरांना आज जो प्रश्न पडला आहे, तो आपल्या पूर्वजांनी चिखल, पेंढा, चिरे आणि लाकूड एवढ्यावर सोडवला होता. १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगीजांनी गावकारीचे (गावाच्या सामायिक कारभाराचे) रिवाज लिहून घेतले, त्याच्याही कितीतरी आधीपासून गावे एकत्र येऊन हे काम करीत होती.

मानस चालते कशी, हे आमच्या वयाच्या किती जणांना ठाऊक आहे? मला आजोबांनी ओहोटीच्या वेळी बांधावर नेऊन दाखवले म्हणून कळले. चिऱ्यांच्या दोन भिंतींमध्ये लाकडी दार. आतल्या पाण्याची पातळी नदीपेक्षा वर गेली की पाणीच दार ढकलून बाहेर पडते. भरती आली की नदीचे पाणी तेच दार दाबून घट्ट बसवते. माणसाने हात लावायची गरज नाही, वीज नाही, मोटार नाही. पण दाराच्या चौकटीवर शिंपले चढले, लाकूड किड्याने पोखरले, तळाशी एखादी फांदी अडकली, की चार बोटांची फट राहते. त्या फटीतून उधाणाच्या रात्री किती खारे पाणी आत येते ते मी पाहिले आहे. सकाळी शेतातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले की कळते. एकदा मीठ मुरले की ते धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे तरी जावे लागतात. कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात तग धरते, पण ते बियाणे आता थोड्याच घरांत उरले आहे.

बांधाचेही तसेच. भगदाड एका रात्रीत पडलेले दिसते, पण त्याची सुरुवात कुर्लीच्या बिळापासून झालेली असते. अंगठ्याएवढे बीळ, त्यातून पाझर, पाझराबरोबर माती, आणि मग पुनवेच्या किंवा अवसेच्या भरतीला बांध बसतो. आजोबा ओहोटीला बांधावरून चालत जायचे ते हीच बिळे शोधायला. पायाने दाबून पाहायचे, वाकून चिखलाचा गोळा ठोकून बसवायचे. भरती कधी भरेल ते तिथीवरून सांगायचे, तिथीची पाऊणपट केली की ढोबळ वेळ निघते. आज मोबाइलवर भरतीची वेळ मिनिटापर्यंत कळते. पण बांधावरून चालणारे माणूस राहिलेले नाही. आमच्याकडे वेळापत्रक आहे, आजोबांच्या पिढीकडे नजर आहे, आणि दोघांची गाठ घालून द्यायचे काम तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही.

हवामान बदलाने या व्यवस्थेवर नेमका कुठे घाव घातला आहे, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. मानशीला ओहोटीचे मोजके तास मिळतात. त्या तासांत आतले पाणी बाहेर गेले पाहिजे. पूर्वी चार दिवसांत पडणारा पाऊस आता एका रात्रीत पडतो, आणि तो नेमका मोठ्या भरतीच्या वेळी पडला तर दार उघडतच नाही. पाणी शेतात तुंबते, मग रस्त्यावर येते, मग घरांत. वर डोंगर कापलेला असेल तर त्याचा लाल गाळही खाली येतो आणि पोंय, म्हणजे आतले पाणी साठायची खोलगट जागा, भरून टाकतो. जिथे पाणी थांबायचे तिथेच माती बसली तर पाण्याने जायचे कुठे? अशा वेळी आठ दिवसांनी येणारा अभियंता काही करू शकत नाही. त्या रात्री दाराशी कोण उभे राहणार, कोणाचा फोन कोणाला जाणार, कुठल्या घरातल्या म्हाताऱ्यांना आधी हलवायचे, हे गावाने आधी ठरवलेले असले पाहिजे. हे काम तरुणांचे आहे. अंगात ताकद आहे, रात्रीचे जागरण सोसते, आणि व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत पन्नास जणांना उठवता येते.

कूळ संघटनांना एक गोष्ट स्पष्टच सांगते, राग मानू नका. कूळ कायद्याखालच्या १९७५ च्या नियमांनी बांधांची देखभाल तुमच्याकडे आली. मानशीच्या मासेमारीची पावणी (लिलाव) होते, पैसे येतात, त्यातून बांध राखायचा असा मूळ हेतू. पण कित्येक ठिकाणी पावणी घेणारा मासळी आत यावी म्हणून भरतीला दार उघडे ठेवतो, आणि शेतकरी ओरडत राहतो. जमीन पडीक असली की ओरडायलाही कोणी नसते. वार्षिक सभेला तेच ते चार जण, हिशेबाची वही एकाच्या घरात, आणि ज्यांच्या नावावर सातबारासारखे कागद आहेत त्यातले निम्मे हयात नाहीत. वारसांची नावे लावून घ्या. घरातल्या मुलामुलींना सभासद करून घ्या. 'मुलींना' असे मुद्दाम म्हणते, कारण बांधावर चिखल वाहायला बाया चालतात आणि सभेला मात्र बाप्ये बसतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. मामलेदाराकडे जायचे अर्ज, कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे जायचे प्रस्ताव, फोटो, नकाशे, ही कामे आम्ही आनंदाने करू. बदल्यात आम्हाला वही पाहू द्या.

खारफुटीबद्दलही बोलायला हवे, कारण इथे माझ्याच पिढीचा गोंधळ होतो. खारफुटी लावणे म्हणजे हवामानाचे काम, असे आम्ही शिकलो. नदीच्या बाजूने, बांधाच्या बाहेर असलेली खारफुटी लाटेचा जोर मोडते, माशांच्या पिल्लांना आसरा देते, आणि बार्जच्या लाटांनी झिजणारा बांध वाचवते. ती राखलीच पाहिजे. पण बांधाच्या आत, शेतात खारफुटी उगवली तर त्याचा अर्थ बांध फुटून वर्षे झाली आणि कोणी दुरुस्त केला नाही. मग ती तोडायला कायदा आड येतो आणि शेत कायमचे जाते. काही वेळा तर शेत जावे म्हणूनच बांध फुटू दिला जातो, असा संशय गावागावांत बोलला जातो. आत की बाहेर हा फरक तरुणांना शिकवायचा तर वर्गात बसून शिकवता येत नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना वेगळे संरक्षण आहे, हेही किती पंचांनी वाचले असेल कोण जाणे. आम्ही वाचून ग्रामसभेत मांडायला तयार आहोत.

तरुणांकडून हे होणार नाही, ते येतात आणि जातात, असे तुमच्यापैकी काहींना वाटते, ते मला माहीत आहे. म्हणून दोन-तीन गोष्टींची आठवण करून देते. १९७८-७९ मध्ये बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळावी म्हणून गोव्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. आज साठी ओलांडलेल्या तुमच्यातल्या कित्येकांनी तेव्हा वर्ग सोडले होते. जानेवारी १९९५ मध्ये केरीच्या नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात निलेश नाईक हा तरुण पोलिसांच्या गोळीला बळी पडला. तो आमच्या तालुक्याच्या आठवणीतून पुसला गेलेला नाही. आणि २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, मोलेच्या जंगलातून दुपदरी रेल्वे, वीजवाहिनी आणि महामार्ग नेण्याचे प्रस्ताव पुढे सरकले, तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि तरुण शास्त्रज्ञांनी पर्यावरण अहवाल पानोपान वाचून त्यातल्या चुका काढल्या, वकिलांना माहिती पुरवली, चित्रे काढली, आणि चांदोरला रेल्वेमार्गावर गावकऱ्यांबरोबर रात्र जागवली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. या लढ्यात घोषणा होत्याच, पण वजन पडले ते अभ्यासाचे.

बाहेरचे उदाहरण हवे असेल तर पॅसिफिक महासागरातल्या वानुआतूकडे बघा. २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवले की हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे जागतिक न्यायालयाला विचारायचे. त्यांनी आधी आपल्या सरकारांना गळ घातली. वानुआतूच्या सरकारने त्यांचे ऐकले. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव एकमताने झाला आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयाने मत दिले की हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे. मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मधले पाऊल. मुलांनी दार ठोठावले तेव्हा सरकारने ते उघडले. नाहीतर ती २७ मुले वर्गातच राहिली असती.

आपल्याकडे दार ठोठावले की काय होते? ग्रामसभेत एखाद्या मुलीने डोंगरकापणीबद्दल प्रश्न विचारला, की संध्याकाळी तिच्या बापाला फोन येतो. तुमची मुलगी फार बोलते. तिला सरकारी नोकरी नको आहे का? धाकट्याचा अर्ज पडून आहे ना? हे माझ्या घरी घडले आहे. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचा राग माझ्यावर नव्हता, ती घाबरली होती. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी अशा एका फोननंतर ग्रामसभेत जाणे सोडले. तुम्ही सगळे असे करता असे मी म्हणत नाही. पण तुमच्या गावात असा फोन जात असेल तर तो थांबवणे तुमच्या हातात आहे. सभेत उभे राहून प्रश्न विचारणाऱ्याचा प्रश्न इतिवृत्तात शब्दशः लिहिला जाईल आणि उत्तर पुढच्या सभेत मिळेल, एवढी हमी सरपंचांनी दिली तरी कितीतरी जण परत येतील.

आमच्या बाजूच्या उणिवा मी झाकत नाही. आमच्यातले पुष्कळ जण पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेले, जहाजावर गेले, बंगळुरूला गेले. जे आहेत त्यांतले काही मोबाइलवर पुराचे व्हिडिओ टाकून मोकळे होतात. पण जाणाऱ्याला थांबवायचे तर इथे राहण्यात काही अर्थ आहे असे त्याला वाटले पाहिजे. आणि फुकट राबण्याची अपेक्षाही ठेवू नका. बांध राखणे हे कसबाचे काम आहे, त्याला मोबदला हवा. पंचायतीच्या विकास आराखड्यात रस्ता, गटार आणि पेव्हर असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा तर पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तळी उपसणे, विहिरींची पातळी मोजणे, पावसाच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे, यासाठी दोन मुलांना वर्षभराचे मानधन ठेवणे पंचायतीला जड नाही.

कॉलेजेही जवळच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते, शिवाय सात दिवसांचे शिबिर. हे तास कुठे जातात? किनाऱ्यावर बाटल्या गोळा करण्यात बरेचसे संपतात. सरपंचांनी प्राचार्यांना एक पत्र लिहावे: आमच्या बांधाची पाहणी करायला, तळ्याची खोली मोजायला, जुन्या शेतकऱ्यांकडून ऐकून घ्यायला मुले पाठवा. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ताळगावचे गोवा विद्यापीठ एवढ्याशा राज्यात आहेत. त्यांना मोजमापे हवी असतात, आणि गावात मोजणारे हात असतात. जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत समिती असलीच पाहिजे. तुमच्या गावची समिती शेवटची कधी बसली ते तपासा, आणि तिच्यात तिशीच्या आतले किती आहेत तेही.

खाजन नसलेल्या गावांनी हे पत्र आपल्यासाठी नाही असे समजू नये. सत्तरीत आगीचा प्रश्न आहे, मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात डोंगर दिवसरात्र पेटले होते. पेडण्यात डोंगर आणि पठारे विकली जात आहेत. भूरूपांतराच्या सूचना राजपत्रात येतात, हरकतीला ठरावीक दिवस असतात, आणि गावाला कळते तेव्हा मुदत संपलेली असते. त्या सूचना वाचून पंचायतीच्या फलकावर सोप्या मराठी-कोंकणीत लावण्याचे काम कॉलेजातल्या एका मुलावर सोपवता येईल.

आता माझ्या गावापुरते. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'बांध व मानस यांची तरुणांच्या सहभागाने पाहणी आणि नोंदवही' हा विषय घ्यावा, असा अर्ज आम्ही काहीजण लेखी देत आहोत. इतर गावांतल्या मुलामुलींनीही तो आपापल्या पंचायतीत द्यावा, मसुदा हवा असेल तर आम्ही देऊ. सरपंचांनी आणि कूळ संघटनेच्या अध्यक्षांनी ओहोटीची वेळ पाहून एक सकाळ ठरवावी आणि आमच्याबरोबर बांधावरून चालावे. ज्यांना मानस सांभाळता येते अशा जाणत्यांनाही बोलवावे. आजोबांना आता एवढे चालवत नाही, पण त्यांना गाडीने मानशीपर्यंत नेण्याची व्यवस्था मी करते. कुठे बिळे आहेत, कुठली दारे बदलायची, कुठे माती भरायची, हे त्याच दिवशी लिहून काढू. दुरुस्तीचा प्रस्ताव फेब्रुवारीपर्यंत खात्याकडे गेला पाहिजे, म्हणजे काम मेच्या मध्यापूर्वी उरकेल. पाऊस आता जूनची वाट पाहत नाही.

आपली,
फोंडा तालुक्यातील एका कुळाची नात आणि ग्रामसभेची सभासद